मोठं घर सोडून लहान घरात जायचंय? सामान कमी करायचं पहिल्यापासून

रिटायरमेंट जवळ आली किंवा होऊन गेली, मोठं घर आता झेपत नाही म्हणून लहान जागा घ्यायचं ठरलं, इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग एका सुट्टीच्या दिवशी माणूस कपाट उघडतो आणि अर्ध्या तासात परत बंद करतो, कारण कुठून सुरू करावं तेच कळत नाही. हा लेख अशाच अगदी नव्या लोकांसाठी आहे, म्हणजे ज्यांनी अजून एकही खोका भरलेला नाही. मी स्वतःचं घर असं आवरलंय आणि नंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे मदतीला गेलेय, त्यामुळे मधेमधे जरा मास्तरकी केली तर चालवून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते. सामान उचलायला माणसं मिळतात, पैसे दिले की झालं. पण ही वस्तू ठेवायची का द्यायची हे ठरवायला दुसरं कुणी येत नाही, आणि तीस-चाळीस वर्षांच्या संसारात अशा वस्तू हजारांनी असतात. लोक दमतात ते या ठरवण्यानेच, दुपारपर्यंत डोकं इतकं शिणतं की मग एकतर सगळंच ठेवावंसं वाटतं नाहीतर सगळंच फेकून द्यावंसं वाटतं. त्यामुळे खाली जे जे लिहिलंय त्याचा उद्देश एकच, एकेक वस्तू हातात घेऊन विचार करत बसायची वेळ तुमच्यावर कमीत कमी यावी.

१. आधी मोजायची टेप, खोके नंतर

बहुतेक लोक सुरुवात करतात ती "काय टाकायचं" इथून, आणि तिथेच अडकतात. सुरुवात नव्या घराच्या मापापासून करा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दरवाजाची रुंदी, खिडकी जमिनीपासून किती उंच आहे, प्लग कुठे आहेत, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं लिहून घ्या. मग १:२० च्या प्रमाणात कागदावर काढा, म्हणजे १ मीटरला ५ सेंटिमीटर. ३ मीटर बाय ३.६ मीटरची खोली १५ बाय १८ सेंटिमीटरची होते आणि साध्या ए-४ कागदावर आरामात बसते. त्याच प्रमाणात पलंग, सोफा, कपाट, टेबल यांचे चौकोन कार्डशीटचे कापा आणि सरकवून बघा. पोरखेळ वाटेल पण एका संध्याकाळी फर्निचरचा सगळा प्रश्न सुटतो, आणि घरात भांडण होत नाही, कारण सोफा बसत नाही हे तुम्ही सांगत नसता, कागद सांगत असतो.

फर्निचर मांडताना चालायच्या वाटेला ९० सेंटिमीटर तरी सोडा. आज तुम्ही टुणटुणीत असाल, पण हे घर पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी घेताय, त्यात कधी ना कधी काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर येऊ शकते. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट सरळ आणि मोकळी असायला हवी, तिथे पायपुसणी आणि सुटे गालिचे नकोत, म्हातारपणी घरातल्या घरात पडायला तेवढं निमित्त पुरतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. नव्या घरात कपडे टांगायचा दांडा किती मीटर आहे, पुस्तकांना फळी किती मीटर, स्वयंपाकघरात ड्रॉवर किती, हे मोजा आणि तेवढाच कोटा धरा. समजा पुस्तकांना २ मीटर फळी आहे. मग हजार पुस्तकांपैकी कुठली टाकू असा विचारच करायचा नाही, २ मीटर भरतील एवढी लाडकी आधी बाजूला काढायची, बाकीची आपोआप जातात. कपड्यांचं तसंच, भांड्यांचंही तसंच. मला विचाराल तर हजार निर्णयांचे पन्नास करायचा याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

आणि हो, जुन्या घरातून बाहेर पडायची वाटही मोजा, म्हणजे जिना, लिफ्ट, वळण. काही मोठी कपाटं खोलीतच जोडलेली असतात, ती अख्खी बाहेर येतच नाहीत आणि हे नेमकं शिफ्टिंगच्या दिवशी कळतं.

२. वेळ किती लागतो

सहा महिने असतील तर छान, वर्ष असेल तर आणखी छान. दिवसाला दोन तास, शक्यतो सकाळी, डोकं ताजं असताना. दोन तास झाले की उठायचं, मग काम कितीही रंगात आलेलं असो. आठवडाभर सुट्टी काढून एकदम सगळं करू म्हणणारे तिसऱ्या दिवशी ढेपाळतात आणि घर आधीपेक्षा जास्त पसरलेलं असतं.

हाताशी चारच आठवडे असतील तर मात्र पद्धत वेगळी. तेव्हा फक्त "बरोबर काय न्यायचं" तेवढंच निवडायचं, त्यावर रंगीत स्टिकर लावायचे, आणि उरलेलं सगळं मुलांच्या, भावंडांच्या किंवा हे काम पैसे घेऊन करणाऱ्यांच्या हवाली करायचं. दागिने, कागदपत्रं आणि फोटो तेवढे आधी हलवून सुरक्षित जागी ठेवा, मग बाकीच्या घराला कुणीही हात लावला तरी जीव खालीवर होत नाही.

३. कुठल्या क्रमाने

ज्यात जीव अडकलेला नाही तिथून सुरू करा. बाथरूमचं कपाट, चपलांचं कपाट, माळा, गॅरेज, मग चादरी-टॉवेल, मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं, मग कागद, आणि फोटो, पत्रं, मुलांच्या लहानपणच्या वस्तू सगळ्यात शेवटी. ठरवायची सवय लागायला हवी ना, ती जुन्या शाम्पूच्या बाटल्यांवर लावून घ्यायची, आईच्या पत्रांवर नाही. मधेच एखादा अल्बम सापडला तर न उघडता फोटोंच्या खोक्यात टाका. उघडलात की तो दिवस गेला म्हणून समजा.

४. चार ढीग, आणि एकच "बघू" खोका

बरोबर न्यायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं, असे चार ढीग. पाचवा ढीग सगळ्यांच्या घरात आपसूक तयार होतो, "बघू नंतर" चा, आणि तोच सगळ्यात मोठा होतो. त्याला बंदी घालून उपयोग नाही, लोक लपवून ठेवतात. त्यापेक्षा एक खोका द्या, एकच, तो भरला की नवीन वस्तू घालायची तर जुनी काढायची. खोका बंद करून त्यावर तारीख लिहा, आत काय आहे ते लिहू नका. सहा महिन्यांत उघडावासा वाटला नाही तर न उघडता देऊन टाका.

एक ड्रॉवर कसा आवरायचा ते दाखवते, म्हणजे अंदाज येईल. प्रत्येक घरात वायरींचा एक ड्रॉवर असतो. तो पूर्ण टेबलावर उलटा करा, आत बघत बघत काढू नका. आता आधी घरात चालू असलेली उपकरणं आणा, फोन, राऊटर, बीपीचं मशीन, श्रवणयंत्राचा चार्जर, जे असेल ते, आणि प्रत्येकाची वायर त्याच्याबरोबर लावून बाजूला ठेवा. उरलेल्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, ९ व्होल्ट, १२ व्होल्ट असं. हा ९ व्होल्टवाला कुणाचा? बहुतेक त्या कॉर्डलेस फोनचा जो कधीच मेला. ज्याचं उपकरण घरात नाही ते सगळं ई-कचऱ्यात. भलत्या व्होल्टेजचा ॲडॉप्टर लावून चालू उपकरण जाळायची शक्यता जास्त, त्यामुळे "कधीतरी लागेल" हे इथे चालतच नाही. यूएसबीच्या चांगल्या वायरी दोन-तीन ठेवा, पुरे. काम वीस मिनिटांचं, आणि लक्षात घ्या की यात जुन्या वायरीबद्दल निर्णय एकही घेतला नाही, फक्त चालू उपकरणं जमवली.

हीच युक्ती हत्यारांच्या पेटीला, शिवणाच्या डब्याला, औषधांच्या कपाटाला लागू पडते. आधी काय वापरता ते गोळा करा, बाकी जे उरलं ते उरलं.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. दोन माणसांना रोज लागतं तेवढं आणि चार पाहुणे आले तर लागेल तेवढं. पन्नास माणसांची भांडी भाड्याने मिळतात.

कपड्यांचं पण तसंच, ऑफिसचे कपडे ऑफिसबरोबर रिटायर करा, एखादा चांगला जोड ठेवून. द्यायच्या आधी खिसे तपासा, जुन्या पर्सचे आतले कप्पे तपासा, पुस्तकं दोन्ही पुठ्ठ्यांना धरून पानं खाली करून झटका. नोटा, अंगठ्या, एफडीच्या पावत्या, प्रेमपत्रं, सगळं काही निघतं.

५. विकायचं म्हणता, पण किती

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो म्हणून आधीच बोलते. आपल्या वस्तूची किंमत आपल्याला नेहमी जास्तच वाटते, आणि हा फक्त तुमचा-माझा स्वभाव नाही. डॅनियल कानेमान, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याचे प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले, तर मग मिळालेल्यांनी मागितलेली किंमत ही न मिळालेले जेवढे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती हो. तुमचं डायनिंग टेबल तीस वर्षं घरात आहे. कानेमानना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा जरा ऐकायला हरकत नाही.

त्यात जड, कोरीवकाम केलेलं मोठं फर्निचर हल्ली लहान घरात कुणाला नको असतं. ज्ञानकोशांचे संच तर फुकटही कुणी नेत नाही, १७६८ पासून छापला जाणारा ब्रिटानिका सुद्धा २०१२ मध्ये छापील आवृत्ती बंद करून मोकळा झाला, लायब्ररीवाले बघूनच नको म्हणतात. नाण्यांचा, तिकिटांचा संग्रह असेल तर किंमत ठरवायला अशा जाणकाराकडे जा जो स्वतः विकत घेणार नाही. जो घेणार आहे तोच किंमत सांगणार असेल तर ती किंमत कशी असेल ते तुम्हीच ओळखा.

माझा नियम असा, विकायला वस्तू पाच-दहाच काढायच्या, ज्यांची खरंच किंमत येईल अशा. प्रत्येक वस्तूला मुदत द्यायची, तीन आठवडे म्हणा. पहिल्या आठवड्यात मनातली किंमत, दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात जो नेईल त्याला फुकट. फोटो उजेडात काढा, माप लिहा, ओरखडा असेल तर त्याचाही फोटो टाका म्हणजे दारात येऊन घासाघीस होत नाही. अनोळखी माणूस घरी येणार असेल तर एकटं असताना बोलवू नका, आणि "पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा" म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा, पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही.

दान करताना आधी फोन करून काय चालतं ते विचारा. फाटकं, तुटकं, बिघडलेलं दान करणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं, त्यांना तो उचलायला पैसे पडतात. घेऊन जायला गाडी येणार असेल तर तारीख ठरवून घ्या, दान केलेलं सामान महिनाभर हॉलमध्ये पडून राहिलं की त्यातलं निम्मं परत कपाटात जातं. हे मी बघितलंय.

६. मुलांना काय हवंय ते विचारा, आणि उत्तर ऐका

"हे सगळं मुलांसाठीच ठेवलंय" असं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि मुलांना विचारलेलं नसतं. विचारा. फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका, एका वेळी दहा-बारा वस्तू, आणि मुदत द्या, "या महिन्याच्या शेवटपर्यंत सांगा, नाही सांगितलं तर देऊन टाकतेय". नको म्हणाले तर रागावू नका. त्यांचीही घरं भरलेली आहेत, आणि टी-सेट नको म्हणणारा मुलगा आईला नको म्हणत नसतो.

हो म्हणाले तर न्यायची तारीखही घ्या. "हवंय पण आत्ता नको, तुझ्याकडेच राहू दे" हे उत्तर चालणार नाही, कारण तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय. मुलांच्या शाळेच्या वह्या, ट्रॉफ्या, कॉलेजची पुस्तकं यांचं पण तेच, एकेकाच्या नावाचा खोका करा आणि पोचता करा, आत काय ठेवायचं ते त्यांचं ते बघतील. हा एक निर्णय तुम्ही घ्यायचाच नाही.

एकाच वस्तूवर दोघांचा डोळा असेल तर आळीपाळीने निवडायला सांगा, चिठ्ठी टाकून पहिला कोण ते ठरवा, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. किमती वस्तूंचं मात्र लिहून ठेवा, कुणाला काय दिलं, कधी दिलं, आणि सगळ्यांना एकाच वेळी कळू द्या. पुढे भांडणं होतात ती बहुधा किमतीवरून कमी आणि "मला सांगितलंच नाही" वरून जास्त होतात.

नवरा-बायकोत एकच कायदा, दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकायची नाही. त्याची हत्यारं तुम्हाला भंगार वाटतात, तुमचे कापडाचे तुकडे त्याला भंगार वाटतात, दोघांनी आपापला कोटा आपापल्या हाताने भरा. साथीदार नुकताच गेला असेल तर त्याच्या कपाटाला हात लावायची घाई कुणी करत असेल तर करू देऊ नका, शिफ्टिंगची तारीख अगदी डोक्यावर असली तर कपाट आहे तसं खोक्यात भरा आणि नव्या घरी नेऊन ठेवा. मोकळी जागा काय, महिन्याने होईल.

७. कागद

कागदांना सगळे घाबरतात आणि बरोबरच घाबरतात. वजनच बघा ना, नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद ५ ग्रॅमचा, ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं, तीन हजार कागद भरलेला खोका १५ किलोचा. आणि त्यात कामाचे कागद असतात बोटभर जाडीचे.

पहिली गोष्ट, एक लाल रंगाची फाइल घ्या, लांबून ओळखू येईल अशी. तिच्यात फक्त ते कागद ज्यांची मूळ प्रत गेली तर परत मिळवायला नाकी नऊ येतील. जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले, ओळखपत्रं, घराचे कागद, मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, विमा पॉलिसी, डिग्र्या, आणि मोठ्या ऑपरेशनचे रिपोर्ट. ही फाइल शिफ्टिंगच्या ट्रकमध्ये जाणार नाही, तुमच्या मांडीवर जाईल. सगळ्याचे स्कॅन करून दोन जागी ठेवा आणि फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.

दुसरी फाइल चालू कामांची, म्हणजे यंदाचा टॅक्स, चालू विमा, वॉरंट्या, डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शन. टॅक्सचे जुने कागद किती वर्षं ठेवायचे हे प्रत्येक देशात वेगळं असतं, ते आपल्या टॅक्सवाल्याला विचारून मगच टाका. घर किंवा शेअर घेतल्या-विकल्याचे कागद इतक्यात टाकू नका, खरेदीची किंमत दाखवायला पुढे लागतात.

बाकी जुनी बिलं, बंद झालेल्या खात्यांची स्टेटमेंट्स, आता घरात नसलेल्या फ्रिजचं मॅन्युअल, हे सगळं जाऊ द्या. ज्यावर खाते नंबर, सही, ओळखपत्राचा नंबर आहे ते फाडून किंवा श्रेडरमधून (कागदाचे बारीक तुकडे करणारं मशीन), तसंच रद्दीत नको. ढीग फार मोठा असेल तर पैसे घेऊन श्रेड करून देणारे असतात, स्वतः बसून हाताने फाडत बसलात तर बोटं दुखतील आणि चौथ्या दिवशी कंटाळून सगळं परत पेटीत जाईल.

८. फोटो, कॅसेट, जुन्या फिल्म

आलो शेवटाकडे, आणि इथे घाई नको. हे काम शिफ्टिंगच्या आधी झालं नाही तरी चालतं, फोटो जागा फार खात नाहीत, दोन-तीन खोके तसेच नेऊन नव्या घरात निवांत बसून करा.

आधी चाळणी, मग स्कॅनिंग. धूसर, डुप्लिकेट, कुणीच नसलेले डोंगर आणि समुद्र, ओळखू न येणारी माणसं, ही काढली की साधारण निम्मे कमी होतात. निसर्गाचे फोटो नेटवर तुमच्यापेक्षा चांगले आहेत, वाईट वाटून घेऊ नका. मग उरलेल्यांवर नावं. मागच्या बाजूला कडेला मऊ शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो. कोण, कुठे, साधारण कुठलं साल. हे काम आत्ताच करायचं कारण तुमच्या मागे ही नावं सांगणारं कुणी उरत नाही, मुलांना तुमच्या आत्याची मैत्रीण कशी ओळखू येणार.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसलेले असतील तर ओढू नका, फाटतात. मेण न लावलेला दातांचा फ्लॉस फोटोच्या मागून कोपऱ्यापासून करवतीसारखा हळूहळू सरकवा, बहुतेक सुटतात. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅनिंगला ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. ४ बाय ६ इंचाचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, मोठी प्रिंट काढायलाही पुरतो. निगेटिव्ह आणि स्लाइडला एवढ्यात भागत नाही, ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट असते २४ बाय ३६ मिलिमीटरची, तिला २४०० डीपीआय किंवा जास्त हवं आणि फिल्मसाठीचा स्कॅनर हवा. फाइलच्या नावात वर्ष पहिलं लिहा, १९८४-०५-लग्न असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. आणि प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा मुलीच्या घरी. स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो लगेच फेकू नका, आधी तिन्ही प्रती उघडून बघा.

व्हिडिओ कॅसेट असतील तर मात्र टाळाटाळ करू नका. व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात आली आणि २०१६ मध्ये तिचे प्लेअर बनवणारी शेवटची कंपनीही थांबली, त्यामुळे आज जे प्लेअर आहेत ते सगळे म्हातारे आहेत, आणि टेपवरचं रेकॉर्डिंगही वर्षागणिक विरत जातं. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, टेपही जाते आणि प्लेअरही, ती जाणकाराकडे द्या. फिल्मच्या जुन्या रिळाच्या डब्याला आंबूस व्हिनेगरचा वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे, तिचा नंबर पहिला लावा आणि तोवर बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा.

ज्या वस्तू न्यायला जमत नाहीत पण मन निघत नाही, त्यांचा फोटो काढा आणि खाली चार ओळी लिहा, ही कुणी दिली, कुठे ठेवलेली असायची. फोटो काढला की सोडून द्यायला जरा सोपं जातं. सगळ्यांना नाही जमत, पण करून बघायला काय जातंय.

९. कचऱ्यात टाकायच्या नसलेल्या वस्तू

औषधं कमोडमध्ये ओतू नका, जिथे फार्मसीत परत घेतात तिथे द्या. सीएफएल बल्ब, ट्यूब आणि जुने थर्मामीटर यांत पारा असतो, ते वेगळे. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेली असेल तर टोचू-दाबू नका आणि नेहमीच्या कचऱ्यात तर मुळीच नको, आगी लागतात. उरलेले रंग, कीटकनाशकं, ॲसिड यांची ओळखीच्या बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओताओत करू नका.

जुना फोन देताना आधी त्यातून आपल्या अकाउंटमधून साइन आउट करा, मग फॅक्टरी रिसेट, नाहीतर पुढच्याला तो उघडतच नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कॉम्प्युटरवर फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असं होत नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत काढता येते, म्हणून डिस्कवरचा डेटा कायमचा पुसून घ्या किंवा डिस्क सरळ काढून स्वतःकडे ठेवा.

१०. भाड्याची स्टोरेजची खोली घ्यायची का

शक्यतो नको. दर महिन्याला पैसे जातात आणि निर्णय तिथेच पडून राहतो, वर घरापासून लांब. नवं घर ताब्यात यायला वेळ आहे असं खरंच कारण असेल तरच घ्या, आणि आत जाताना बाहेर यायची तारीख ठरवून जा.

११. पॅकिंग आणि तो दिवस

पुस्तकं लहान खोक्यात, उशा-चादरी मोठ्या खोक्यात. उलटं केलं तर खोका उचलताच तळ फाटतो. नाव वरच्या बाजूला न लिहिता शेजारच्या दोन बाजूंना लिहा, खोके एकावर एक रचले की वरचं काही दिसत नाही. नुसतं "स्वयंपाकघर" न लिहिता नव्या घरातली जागा लिहा, "स्वयंपाकघर, ओट्याखालचा दुसरा ड्रॉवर", म्हणजे कुणीही लावू शकतं.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, आणि उभाच न्या. आडवा करावाच लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन हलवायच्या आधी मागे ट्रान्झिट बोल्ट (ड्रम जागेवर घट्ट धरून ठेवणारे) लावावे लागतात, नाहीतर आतला ड्रम आपटून मशीन कामातून जातं. बोल्ट हरवले असतील तर आपल्या मॉडेलचे आधीच मागवून ठेवा.

एक बॅग हातात, तिच्यात आठवडाभराची औषधं, चष्मा, चार्जर, लाल फाइल, एक जोड कपडे, टॉर्च, कात्री. आणि माणसं सामान उतरवत असताना पहिल्यांदा पलंग लावून घ्या, बाकी काही लागलं नाही तरी चालेल. पलंगाची बाजू जुन्या घरासारखीच ठेवा, रात्री झोपेत उठलं की पाय सवयीने जुन्याच दिशेला वळतात.

१२. पत्ता आणि फोन नंबर

हे काम सामानाचं नाही पण याच काळात राहून जातं. पत्ता बदलायचा क्रम असा ठेवा: पेन्शन, बँक, विमा, डॉक्टर, मग टॅक्स आणि मतदार यादी, मग बाकीचे. पोस्टात नव्या पत्त्यावर टपाल वळवायची सोय असेल तर ती अर्ज करून लावून घ्या. आणि जुन्या घराबरोबर लँडलाइन किंवा जुना मोबाइल नंबर सोडणार असाल तर आधी बँक, पेन्शन, ईमेल सगळीकडे नवा नंबर नोंदवा, प्रत्येक ठिकाणी एकदा लॉगिन करून ओटीपी नव्या नंबरवर येतोय ते बघा, आणि त्यानंतरही जुना नंबर काही महिने चालू ठेवा, कुठलं तरी एक खातं यादीतून सुटलेलं असतंच.